धुऱ्यावरचा लाल

यंदा आमच्या शाळेनं रंगपंचमी पळसाच्या फुलांनी करायची ठरवली. मुख्याध्यापिकांनी शिक्षकखोलीत सगळ्यांसमोर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मंगलताई आहेत ना आपल्याकडे. झाडापानांचे रंग शिकून आल्यात त्या. त्याच शिकवतील मुलांना."

मी नाही म्हटलं.

इतक्या पटकन म्हटलं की माझं मलाच ओशाळं वाटलं. वीस वर्षं मुलांना रंग कालवायला शिकवणारी मी चित्रकलेची बाई, आणि रंगालाच नाही म्हणतेय. "फुलं गरम पाण्यात टाकली की रंग सुटतो. त्याला मी कशाला हवी?" असं काहीतरी पुटपुटले आणि वह्या तपासायला घेतल्या. वह्यांत काय होतं ते आठवत नाही. शाळेमागच्या टेकाडावरचा पळस मात्र दिसत होता. एक पान अंगावर नाही, नुसता पेटलेला.

इतरांना फाल्गुन त्या फुलांनी कळतो. मला तो एरंडेलाच्या वासानं कळतो. एरंडेल, बकरीच्या लेंड्या आणि राखेचं पाणी, या तिन्हींत भिजून उन्हात वाळणाऱ्या कापडाचा वास. पहिल्यांदा तो नाकात गेला तेव्हा मी पदर नाकाशी धरला होता. पुढे पंधरा दिवस तो माझ्या केसांत, नखांत, जेवणाच्या घासात होता, आणि त्या पंधरा दिवसांइतकी शांत झोप मला त्याआधी कैक महिन्यांत लागली नव्हती.

त्या वर्षी पौषात माझी आई गेली होती. शेवटचे बारा दिवस ती दवाखान्यात होती, आणि बाराही दिवस वृंदा माझ्याबरोबर होती. वृंदा माझी वीस वर्षांपासूनची मैत्रीण. चित्रकलेच्या पदविकेला आम्ही एका बाकावर बसायचो. दवाखान्यात आईची वेणी घालायची ती वृंदानं, परिचारिकांशी भांडायचं ते वृंदानं, मला बळजबरीनं दोन घास भरवायचे ते वृंदानं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणी तिला वाईट बाई समजेल. ती वाईट नव्हती. म्हणून तर ते अजून सलतं.

माघ सरत आला तेव्हा ती म्हणाली, "घरात बसून राहिलीस तर कुजशील. रजा टाक. कुठंतरी जाऊन हात चालवू." तिचं कपड्यांचं दुकान नुकतंच बंद झालं होतं आणि ती नव्या कामाच्या शोधात होती. बुलढाण्याकडे, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, अजून एखाददुसरी बाई झाडाच्या सालीमुळ्यांनी कापड रंगवते असं तिच्या कानावर आलं होतं. एवढ्या भांडवलावर आम्ही नाशिकहून निघालो. मोताळ्यात एका शिक्षक कुटुंबाच्या माडीवरची खोली घेतली आणि रंगारीण शोधू लागलो.

ती आम्हाला मोताळ्याच्या आठवडी बाजारात सापडली. मिरचीचे ढीग, दोरखंडं, नवी सुपं यांच्या गर्दीत पोत्यावर बसलेली एक साठीची बाई. पुढ्यात वाळलेली पळसफुलं, हिरडे, आणि शेजारी घडी घातलेली एक वाकळ, जुन्या लुगड्यांच्या थरांची शिवलेली. वाकळीच्या चारी कडांना लाल कापडाची मगजी होती. तो लाल पाहून मी थांबले. कुंकवाचा नव्हे, मिरचीचाही नव्हे. भाजलेल्या विटेच्या पोटात असतो तसा, जुना आणि खोल.

"हा रंग कुठला, मावशी?" मी विचारलं.

"माहा हाये," ती म्हणाली.

"कशाचा आहे?"

"माह्या हाताचा." आणि ती पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली.

ती अनसाबाई. रोहिणखेडच्या वाटेवरच्या एका लहानशा गावात तिचं घर. घरात मुलगा, सून रंजना, आणि मागे डोंगराकडे चढत गेलेलं चार एकर वावर. मुलगा सोयाबीन-कपाशी करायचा. रंग फक्त अनसाबाईचा. आम्ही दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिनं रंजनाला सांगितलं, "या दोघीयले चहा दे बाप्पा, ह्या काई जात नाई." असं आमचं शिक्षण सुरू झालं.

उन्हं चढायच्या आत डोंगरउतारावर जायचं. पळसाखाली लुगडं अंथरायचं आणि आकडीनं फांदी हलवायची. पोपटाच्या चोचीसारखी फुलं टपटप पडायची; काहींच्या पोटात मुंग्या असायच्या, त्या फुंकून काढायच्या. परतताना हरभऱ्याच्या वाळल्या घाट्यांचा आंबट वास, कुठं गहू कापणं चाललेलं, कुठं कपाशीच्या काड्या, म्हणजे पऱ्हाटी, उपटून रचलेल्या. तीच पऱ्हाटी चुलीत. फुलं पाण्यात मऊ होत गेली की पाणी आधी शेंदरी आणि मग तुरटीच्या खड्यानं एकदम पिवळं. डाळिंबाच्या सालीचा पिवळा वेगळा, थोडा मातकट. लोखंडाचे गंजके खिळे आणि गूळ मडक्यात आठ-दहा दिवस आंबवले की काळा. त्याचा वास असा की शेजारची म्हैससुद्धा तोंड फिरवायची.

वृंदा सगळं वहीत लिहायची. फुलं किती, पाणी किती, चूल किती वेळ. फोटो काढायची, रंगवलेल्या कापडाचा तुकडा कापून वहीत चिकटवायची. तिला सगळं चटकन जमायचं. मला नाही. माझ्या हातून तुरटी जास्त पडायची, कापडावर डाग उठायचे. अनसाबाई मात्र माझ्याच डागांपाशी येऊन बसायची.

"मावशी, तुरटी किती ग्रॅम?" वृंदा विचारायची.

"हे पाह्य." अनसाबाई मूठ उघडून दाखवायची.

"पण ग्रॅम किती?"

"मूठ काय तराजू हाये व, बाई? कापड पाहून मूठ लहानमोठी होते."

दुपारी ओसरीत आम्ही तिघी वाकळ शिवायला बसायचो. लांब टाके, जाड दोरा, बोटाला चिंधी. मी एकदा आईचं सांगितलं. शेवटी तिला माझं नाव आठवत नव्हतं, हे. ते मी वृंदाशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. अनसाबाईनं मान वर केली नाही. टाका घालत म्हणाली, "नाव विसरली असन. हात तं धरलता ना तुहा?" धरला होता. त्या दिवसापासून ती मला 'तुमी' म्हणेनाशी झाली.

लाल रंगाचं मात्र ती बोलत नव्हती. विचारलं की "पाहू" म्हणायची.

तिसऱ्या आठवड्यात वृंदाला ऊन बाधलं. ताप भरला, ती मोताळ्याच्या खोलीवर राहिली आणि मी एकटीच गेले. अनसाबाईनं माझ्यामागे कोणी नाही हे पाहिलं, कोपऱ्यातली लहान कुदळ उचलली आणि म्हणाली, "चाल."

वावराच्या वरच्या अंगाला, विहिरीपलीकडच्या तिसऱ्या धुऱ्यावर तीन झाडं होती. धुरा म्हणजे शेताचा बांध. झाडं फार उंच नव्हती, सालीला उभ्या भेगा, पानं रुंद. कोणी दुसऱ्यांदा वळून पाहू नये अशी. "ह्याले आल म्हनते," ती म्हणाली. "माह्या मायच्या घरचं बी. लग्न करून आली तवा पदराले बांधून आनलं होतं. सासरा म्हने, खायाले ना प्यायाले, काऊन लावतं? म्या म्हनलं, राहू द्या, धुऱ्यावर कोनाचं काय खाते थे!"

खोडापासून दोन हात लांब, उगवतीच्या बाजूला, तिनं माती हलक्या हातानं उकरली. बाळाचं अंग पुसावं तशी. जाड मुळी लागली की ती बाजूला सारायची. करंगळीहून बारीक असेल तेवढीच कापायची. एका झाडाची एकच बाजू, तीही वर्षाआड. जाड मुळीत रंगच नसतो आणि झाडाचा जीव मात्र तिच्यातच असतो, हे तिनं मला दोनदा सांगितलं. मग एक बारीक मुळी तिनं मोडली. आतून पिवळी.

"लाल कुठंय?" मी विचारलं.

तिनं कमरेची चंची सोडली, बोटावर चुना घेतला आणि त्या पिवळ्या तोंडावर चोळला. माझ्या डोळ्यांसमोर ती मुळी लाल झाली. जखम भरून यावी तशी, आतून. आई गेल्यापासून मला पहिल्यांदा रडू आलं ते तिथं, त्या बांधावर.

अनसाबाईनं मला पुरतं रडू दिलं. मग माझा मातीचा हात धरून झाडाच्या खोडावर ठेवला. "कोनाले सांगजो नको, पोरी. लोकाले समजलं का मुळ्या खंदतीन. झाड उभं दिसन, पन मरून जाईन. माह्या सुनेलेबी म्या हे खंदनं दाखवलं नाई अजून."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

संध्याकाळी मोताळ्याला परतले. वृंदा पलंगावर पडली होती, ओठ सुकलेले, चेहरा एवढासा. "आज काय केलंत?" तिनं विचारलं. आणि मी सांगितलं. सगळं. विहीर, तिसरा धुरा, बारीक मुळी, चुना, माझं रडणं. मी भरून वाहत होते. जिनं माझ्या आईची वेणी घातली तिच्यापासून लपवून ठेवणं मला चोरी वाटली. "पण हे कुणाला सांगू नकोस हं," मी शेवटी म्हणाले. "वेडी आहेस का?" असं म्हणत तिनं माझा हात दाबला. तिचा हात तापानं कढत होता.

दोन दिवसांनी ती नाशिकला परतली. मी मागे राहिले आणि लाल रंग खरा कसा चढतो ते त्यानंतर शिकले. नुसत्या मुळीनं कापडावर येतो तो पाहुणा रंग. दोन धुण्यांत निघून जातो. आधी कापडाला अकरा दिवस एरंडेल, लेंड्या आणि राखेच्या पाण्यात मळायचं, रोज उन्हात वाळवायचं, रोज पुन्हा मळायचं. मग हिरडा, मग तुरटी, आणि मग आलीच्या मुळीबरोबर मंद चुलीवर, उकळी येऊ न देता. असं कापड फाटेल पण विटणार नाही, आणि त्याला कसरही लागणार नाही. पंधराव्या दिवशी माझ्या हातातलं कापड पाहून अनसाबाई म्हणाली, "हे तुहं. घेऊन जा." घरी आल्यावर वृंदाला दाखवलं. ती "सुंदर!" म्हणाली. कसं केलं ते तिनं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. तेव्हा त्यात काही लपवणं नव्हतं; राहून गेलं, इतकंच.

त्यानंतरचं वर्ष वृंदा भेटेनाशी झाली. फोन केला की "धावपळीत आहे गं" म्हणायची. मला वाटलं, तिला काम मिळालं. बरं वाटलं.

पुढच्या फाल्गुनात शाळेत परीक्षा चालू होत्या. मधल्या वेळात एका सहशिक्षिकेनं मोबाइल पुढे केला. "ही तुमची मैत्रीण ना? काय सुंदर काम करतेय!"

पडद्यावर वृंदा होती. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, मागे तिच्याकडे रंग शिकायला आलेल्या आठ-दहा शहरी बायका टोप्या घालून. आणि त्यांच्या मागे ती विहीर. मी विहिरीवरून ओळखलं. झाडं ओळखायला वेळ लागला, कारण त्यांच्या भोवती खड्डे होते. वृंदानं मुळी मोडली, बोटावर चुना घेतला, चोळला. "मी पहिल्यांदा हे पाहिलं ना," ती डोळे पुसत म्हणत होती, "तेव्हा आई गेल्यानंतर पहिल्यांदा मला रडू आलं. इथं, या बांधावर."

तिची आई तेव्हाही होती, आजही आहे.

मी मोबाइल परत दिला. वर्गात जाऊन उत्तरपत्रिका वाटल्या. झाडांची जागा तिनं वापरली याचा राग नंतर आला. आधी आली ती लाज. कोणीतरी आपले आतले कपडे रस्त्यावर वाळत घातल्यासारखी. माझं रडणंसुद्धा तिनं वापरलं होतं.

संध्याकाळी फोन केला. तिनं लगेच उचलला.

"अगं, तुला परीक्षांतून सुट्टी मिळाली नसती म्हणून बोलले नाही."

"मी तुला ते विश्वासानं सांगितलं होतं, वृंदा."

"आणि मी ते जगवतेय! ती बाई उद्या गेली तर तिच्याबरोबर जाणार हे सगळं. गुपित म्हणून पुरून ठेवायचं का? रंग काय कोणाच्या मालकीचा असतो?"

"आणि माझी आई?"

ती म्हणाली, "ते... बोलता बोलता आलं गं. बायकांना काहीतरी मनातलं सांगावं लागतं." आणि मग, खरोखर न कळून, "त्याचा तुला एवढा राग आला?"

पहिल्या सुट्टीला मी निघाले. चैत्र लागला होता, डोंगरावरचा पळस झडून गेला होता. अनसाबाई ओसरीतच होती. मला पाहून उठली.

"या मॅडम," ती म्हणाली. "बसा."

रंजनानं पाणी आणलं. फुलपात्र बशीवर ठेवून. इतके दिवस मी त्या घरात माठातून स्वतः पाणी घेतलं होतं.

काय झालं ते रंजनानं सांगितलं. अनसाबाई तेव्हा जानेफळला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. वृंदा गाडी भरून बायका घेऊन आली. "मंगलताईनं धाडलं म्हने. तुमचा तिघीयचा फोटो दाखवला. म्या म्हनलं, मंगलताईचे लोक हायेत, मंग काय विचारता? म्याच पानी नेऊन देल्लं त्याह्यले वावरात." बोलता बोलता ती सासूकडे पाहत होती. ते पाहणं अपराध्याचं होतं, आणि ज्यांनी अपराध केला त्यांच्यापैकी कोणी असं पाहिलेलं मला आठवत नाही.

आम्ही वर गेलो. तिन्ही झाडांभोवती चारी बाजूंनी माती उपसलेली. जाड मुळ्या तोडून, रंग निघत नाही म्हणून तिथंच फेकलेल्या, उन्हानं सुरकुतून पडलेल्या. पानं लोंबत होती. अनसाबाईनं गावाहून आल्यावर खड्डे बुजवले होते, विहिरीचं पाणी घागरीनं वाहून घातलं होतं.

"मले वाटलं तूच धाडली," ती म्हणाली. 'मॅडम' म्हणायचं ती विसरली होती, क्षणभरच.

"मी नाही पाठवलं, मावशी. मला माहीतसुद्धा नव्हतं. माझ्याशीही तिनं..."

"मंग जागा कोनं सांगतली?"

नाशिकपासून मोताळ्यापर्यंत, सगळ्या प्रवासात मी एकच गोष्ट घोळवत आले होते: माझ्या मैत्रिणीनं माझा घात केला. ते खरंच होतं. पण फसवलं गेल्याच्या दुःखात एक सोय असते. फसलेला माणूस आपोआप चांगला ठरतो. त्या धुऱ्यावर उभी असताना ती सोय माझ्याकडून काढून घेतली गेली. अनसाबाईनं उत्तराची वाट पाहिली नाही. घागर उचलून ती विहिरीकडे गेली.

श्रावणात वृंदाचा फोन आला. आवाज पूर्वीसारखाच, लाडीगोडीचा. कापड फार गाजलं होतं, मागणी होती, पण लाल उतरत होता. दोन धुण्यांत गुलाबी, चौथ्या धुण्यात काहीच नाही. "काहीतरी सुटतंय आमच्याकडून. ती म्हातारी दारात उभं करत नाही. तू शेवटपर्यंत होतीस ना तिथं? तुझ्या कापडाचा रंग तसाच आहे. काय करतात आधी?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मंगल, दवाखान्यातले बारा दिवस विसरलीस का गं?"

हे तिनं काढायला नको होतं. आजही वाटतं, ते तिनं काढलं नसतं तर मी बोलून गेले असते.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"खोटं बोलतेयस."

"हो," मी म्हणाले आणि फोन ठेवला. बावीस वर्षांची मैत्री एका शब्दात संपली आणि तो शब्द इतका छोटा होता याचं मला बरेच दिवस नवल वाटत राहिलं. मात्र आत कुठंतरी ऊबही होती. या वेळी मी सांगितलं नाही. या वेळी शब्द पाळला. ही ऊब मी तीन महिने जपली, आणि दिवाळीच्या सुट्टीत ती अनसाबाईच्या दारात घेऊन गेले. बक्षीस घ्यायला निघावं तशीच निघाले होते, हे आता लपवून काय उपयोग.

कापूस घरात आला होता. ओसरीत पांढरा ढीग, आणि अनसाबाई त्यातली काडी-पत्ती वेचत होती. दोन झाडं वाळली होती. तिसऱ्याला एका अंगानं पालवी होती. "जगन का नाई, ठाव नाई," रंजना म्हणाली.

मी खाली बसले. थोडा कापूस पुढे ओढला, वेचू लागले. मग सांगितलं, "मावशी, वृंदाचा फोन आला होता. तिचा लाल टिकत नाही. आधी काय करतात ते विचारत होती. मी सांगितलं नाही."

तिचा हात थांबला. "नाई सांगतलं?"

"नाही."

"काऊन?"

मला वाटलं ऐकू आलं नसेल. "तुम्हाला शब्द दिला होता ना."

"शबूद झाडासाठी घेतला होता व, बाई." ती चिडली नव्हती. शाळेत एखाद्या मुलीला उदाहरण पुन्हा समजावून सांगावं तसं म्हणाली, "झाड गेलं. आता तेल लपवून कोनाचं भलं? मुळ्या तं तुटल्या. त्याचा रंगबी नालीत वाहून जाऊन राह्यला, अन् तू म्हनतं सांगतलं नाई." मग काडी बाजूला फेकून, "लाव फोन तिले."

"मावशी..."

"लाव म्हनलं ना."

मी लावला. वृंदानं दुसऱ्या घंटेला उचलला. "मंगल!" ती म्हणाली, आणि त्या एका हाकेत नुसता आनंद होता. मी मोबाइल अनसाबाईच्या हातात दिला.

तिनं तो कानापासून थोडा लांब धरला आणि सांगायला सुरुवात केली. कोण, काय, काही नाही, थेट एरंडेलापासून. पहिला दिवस, दुसरा दिवस. लेंड्या ताज्या नकोत, दोन दिवसांच्या. राख पऱ्हाटीची. पायानं मळायचं, हातानं नाही, हाताचा जोर पुरत नाही. अकरा दिवस, एकही चुकवायचा नाही, ढग आले तर बारा. हिरडा किती, तर तिनं मूठ वळली, जणू वृंदाला ती दिसत होती. एक शब्द रागाचा नाही. मी शेजारी बसून ऐकत होते, आणि मला कबूल करायला हवं, तेव्हा जितकं फसल्यासारखं वाटलं तितकं ना त्या मोबाइलच्या पडद्यापुढे वाटलं होतं, ना त्या खड्ड्यांपुढे. सगळं गेल्यावर माझं म्हणून एवढं एकच उरलं होतं, आणि तेही ती माझ्यासमोर उचलून वृंदाला देत होती. माझं नव्हतंच ते, हे कळायला मला नाशिकपर्यंतचा प्रवास लागला.

पलीकडून वृंदा काहीतरी म्हणत होती. बहुधा माफी मागत होती, रडतही असेल. अनसाबाईनं ते ऐकून घेतलं नाही. मोबाइल माझ्याकडे दिला; तो बंद करायचं तिला ठाऊक नव्हतं. मी बंद केला.

"झालं," ती म्हणाली. पुन्हा कापूस पुढे ओढला. "आता तुमाले लागन असं माह्यापाशी काई राह्यलं नाई. जा आता. मोताळ्याची गाडी चुकन."

तिच्या बोटांतून काड्या निघत राहिल्या, ती एकेक करून बाजूला टाकत राहिली. मग मी उठले. दारात माझ्या चपला होत्या. रंजनानं त्या सरळ करून ठेवल्या होत्या, दोन्हींची तोंडं रस्त्याकडे.